ध्येय खरंच तुमचं आहे का, ते कसं तपासायचं: आठ आठवड्यांची पद्धत

बहुतेक जण ही तपासणी एका संध्याकाळी उरकतात. शांत बसून स्वतःला विचारतात, "मला नक्की काय हवंय?" मनात जे पहिलं उत्तर येतं ते खरं मानतात, आणि दुसऱ्या दिवसापासून एकतर जुनंच ध्येय दुप्पट जोराने धरतात, नाहीतर सगळं सोडून मोकळे होतात. दोन्हींत चूक एकच. मनात सगळ्यात आधी उमटतं ते बऱ्याचदा सगळ्यात जास्त वेळा कानांवर पडलेलं असतं. आपण एखादी गोष्ट का करतो याची कारणंही आपण नेहमी आत डोकावून सांगत नाही. अशा वेळी माणसं साधारणपणे कोणतं कारण देतात, त्यावरून ती जुळवतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे प्रयोगांच्या आधारे मांडलं होतं.

म्हणून इथे नुसत्या उत्तरावर विसंबायचं नाही. कागदावरची उत्तरं, रोजचं प्रत्यक्ष वागणं आणि एक छोटा प्रयोग असे तीन प्रकारचे पुरावे गोळा करायचे आणि एकमेकांशी ताडून पाहायचे. पहिल्या आठवड्यात यादी आणि कागदावरचं काम, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुण आणि नोंदी, चौथ्या ते सातव्या आठवड्यात प्रयोग, आठव्यात निर्णय. त्याआधी काहीही सोडायचं नाही आणि नवं काही धरायचं नाही.

"आपलं" म्हणजे काय हे आधी पक्कं करून घ्या, कारण सगळी गल्लत इथून सुरू होते. ध्येय कुठून आलं यावर ते आपलं की परकं हे ठरत नाही. भाषासुद्धा आपल्याला दुसऱ्यांकडूनच मिळते, तरी ती पुरती आपली होते. ध्येय आपलं म्हणायला तीन गोष्टी लागतात. ते का हवं हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावं. ते नाकारता आलं असतं, असं मनापासून वाटावं. आणि त्यासाठी रोज जे करावं लागेल ते माहीत असूनही पत्करलेलं असावं. रोजचं काम आवडलंच पाहिजे अशी अट नाही.

## पूर्वतयारी

एक वही, तळहाताएवढी पंधरा-वीस कोरी कार्डं आणि गेल्या चार आठवड्यांचा वेळ व पैसा कुठे गेला याचा जो काही माग मिळेल तो: दिनदर्शिका, बँकेचं विवरण, मोबाइलवरची वापराची नोंद. आठवड्यातून दोनदा पाऊण तास राखून ठेवा. वेळ शक्यतो सकाळचा किंवा सुट्टीचा असावा, दिवसभर दमल्यानंतरचा नको. थकलेल्या माणसाला प्रत्येक ध्येय परकंच वाटतं.

कार्डं आणि वही कुणालाही दाखवायची नाहीत. वाचणारा आहे हे माहीत असलं की लिहिणारा आपसूक बदलतो.

सावधान: कधी सुरू करू नये. मोठं अपयश, भांडण, निकाल, नातं तुटणं किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यानंतर लगेच ही तपासणी करू नका. अपयशानंतर निदान तीन आठवडे थांबा. मृत्यूच्या दुःखात याहून बराच जास्त वेळ द्या. एखाद्या नव्या कल्पनेने भारावून गेला असाल तेव्हाही थांबा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हा ध्येयांचा प्रश्न नसून नैराश्य असू शकतं. अशा वेळी आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. त्या अवस्थेत भरलेली कार्डं दिशाभूल करतात.

## टप्पा १: सगळी ध्येयं कार्डांवर आणा

एका कार्डावर एकच ध्येय. यादी तीन ठिकाणांहून भरायची, आणि याच क्रमाने:

१. वेळ आणि पैसा. चार आठवड्यांचा माग समोर ठेवा आणि त्यावरून एखाद्या परक्या माणसाने तुमची ध्येयं ओळखायची ठरवली तर तो काय लिहील, ते लिहा.
२. बोलणं. लोकांना "माझं असं ठरलंय" म्हणून जे सांगता ते.
३. टोचणी. कुणाची बातमी ऐकून पोटात कालवाकालव होते? कशाबद्दल स्वतःला सारखं बोल लावता? तिथे न बोललेलं ध्येय दडलेलं असतं.

क्रम महत्त्वाचा आहे. बोलण्यापासून सुरुवात केली की माग पाहताना माणूस बोललेल्याला पुरावे शोधत बसतो.

कार्डाच्या पुढच्या बाजूला ध्येय एका वाक्यात लिहा. मागच्या बाजूला, त्या ध्येयासाठी एखाद्या साध्या मंगळवारी नेमकं काय करावं लागतं, ते तीन-चार ओळींत. "लेखक होणं" याच्या मागे "दोन तास एकटं बसणं, कालचं अर्धं खोडणं" असं आलं पाहिजे. मागची बाजू लिहिता येत नसेल तर त्या ध्येयाबद्दल तुम्हाला अजून पुरेसं माहीतच नाही. कार्ड बाजूला ठेवा आणि आधी माहिती काढा.

"यश", "स्थैर्य", "नाव", "समाधान" हे शब्द कार्डावर चालणार नाहीत. हे शब्द इतके मोठे असतात की त्यांत कुणाचंही ध्येय मावतं. जोडध्येयं तोडा: "परदेशात जाऊन संशोधन करणं" ही दोन कार्डं आहेत, आणि पुष्कळदा त्यांतलं एकच आपलं निघतं.

तपासा: आठ ते पंधरा कार्डं झाली का? त्यांत निदान एक तरी असं आहे का, जे दुसऱ्याने वाचलं तर ओशाळल्यासारखं होईल? नसेल तर यादी अपुरी आहे. टोचणीच्या प्रश्नाकडे परत जा.

पुढे सगळीकडे उदाहरणादाखल एकच कार्ड घेऊ: "दोन वर्षांत विभागप्रमुख होणं". मागे लिहिलंय: "कामाचं वाटप, तीन बैठका, दोघांमधला वाद मिटवणं, वरिष्ठांना अहवाल."

## टप्पा २: उगम नोंदवा, पण निकाल देऊ नका

प्रत्येक कार्डासाठी वहीत तीन ओळी. हे पहिल्यांदा कधी मनात आलं? तेव्हा समोर किंवा मनात कोण होतं? त्या वेळी तुमची अवस्था काय होती? "आठवत नाही, पहिल्यापासूनच आहे" असं उत्तर आलं तर तेही तसंच लिहा. ते बहुधा अशा वयातलं असतं, जेव्हा निवड करायची सोयच नव्हती.

घरच्यांची इच्छा, बरोबरीच्यांची शर्यत, आपल्या क्षेत्राची ठरलेली शिडी हे उगम चटकन ओळखू येतात. दोन उगम मात्र हमखास निसटतात.

पहिला म्हणजे विरोधातून आलेलं ध्येय. "हे तुला जमायचं नाही" असं कुणीतरी म्हणालं आणि ते करून दाखवायचं ठरलं. किंवा घरच्यांनी एक वाट दाखवली म्हणून नेमकी उलटी धरली. असं ध्येय फार आपलं वाटतं, कारण त्यासाठी भांडण केलेलं असतं. पण दुसऱ्याने डावीकडे जा म्हटलं म्हणून उजवीकडे जाणाऱ्याची दिशाही तो दुसराच ठरवत असतो. इथे विचारायचा प्रश्न असा: ज्याला दाखवून द्यायचं होतं त्याने उद्या मान्य केलं की तुम्हीच बरोबर होता, तर हे काम परवा चालू राहील का?

दुसरा म्हणजे जुन्या स्वतःचं ध्येय. सतराव्या वर्षी तुम्हीच मनापासून ठरवलेलं, कुणी न लादलेलं. तेव्हा ते शंभर टक्के तुमचं होतं. पण ते ठरवणाऱ्याला त्या क्षेत्रातला साधा मंगळवार माहीत नव्हता, आणि तुम्हाला आज तो माहीत आहे. अशा कार्डावर "पुन्हा ठरवायचं" अशी खूण करा. जुनी निष्ठा आणि आजची इच्छा एकच आहेत असं गृहीत धरू नका.

सावधान: या टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं. "हे तर वडिलांचं स्वप्न होतं" एवढं उमगलं की माणसं कार्ड फाडतात. उगम हा फक्त धागा आहे. वडिलांकडून आलेली गोष्ट पुढच्या सगळ्या कसोट्यांवर उतरू शकते, आणि एकट्याने ठरवलेली पडू शकते.

## टप्पा ३: वाक्याचं क्रियापद ऐका

या कामाला मराठी फार उपयोगी आहे. इच्छा, धाक आणि सक्ती यांना आपल्याकडे वेगवेगळी रूपं आहेत. प्रत्येक ध्येय पुढच्या चार वाक्यांत बसवा आणि मोठ्याने म्हणा:

- मला हे करावं लागतं.
- मी हे केलं पाहिजे.
- मला हे करायचं आहे.
- मला हे करावंसं वाटतं.

चारांपैकी कोणतं वाक्य न अडखळता तोंडातून निघालं, ते कार्डाच्या कोपऱ्यात लिहा. पहिल्यात सक्ती बाहेरची असते. दुसऱ्यात धाक आतला असतो. तिसऱ्यात निश्चय असतो, चौथ्यात ओढ.

"पाहिजे" या शब्दावर विशेष लक्ष ठेवा, कारण तो दोन कामं करतो. "मला घर पाहिजे" ही इच्छा झाली. "माझं घर झालं पाहिजे" यात कुणाची तरी नजर आहे. आपण एकीतून दुसरीत नकळत सरकतो आणि धाकालाच इच्छा समजतो. आपल्या उदाहरणात "मला विभागप्रमुखाचं काम पाहिजे" आणि "मी एव्हाना विभागप्रमुख झालो पाहिजे" ही दोन्ही वाक्यं म्हणून बघा. दुसरं जास्त सहज येत असेल तर कार्डावर खूण करा.

सोबत येणारे छोटे शब्दही टिपून ठेवा. "एव्हाना", "या वयात" आले की तुलना आहे. "निदान", "इतकं तरी" आले की स्वतःबद्दलची नाराजी. "इतकं शिकून", "एवढं केल्यावर" आले की आधी घातलेल्या कष्टांचा हिशेब बोलतोय, पुढची इच्छा नव्हे.

तपासा: सगळीच कार्डं "करावंसं वाटतं" मध्ये गेली असतील तर तुम्ही स्वतःला चांगलं उत्तर देत आहात. दोन दिवसांनी पुन्हा म्हणा. आणि भाषेची ही कसोटी नुसता इशारा देते. कुणाकुणाच्या घरात सगळंच "पाहिजे" मध्ये बोलायची सवय असते.

## टप्पा ४: कारणांना गुण द्या

केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आपापल्या ध्येयांमागची चार प्रकारची कारणं मोजायला सांगितली होती. ज्यांची ध्येयं स्वतःच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळत होती त्यांनी जास्त काळ कष्ट टिकवले, ध्येय गाठण्याचं त्यांचं प्रमाणही चांगलं होतं आणि ते गाठल्यावर त्यांना समाधानही जास्त मिळालं. त्याच चार कारणांवर प्रत्येक कार्डाला ० ते १० गुण द्यायचे:

१. बाहेरचं: पैसे, बक्षीस, शिक्षा, कुणाची मागणी किंवा नाराजी.
२. धाकाचं: नाही केलं तर लाज, अपराधीपणा, अस्वस्थता वाटेल म्हणून.
३. पटलेलं: काम नेहमी आवडत नाही, पण ते महत्त्वाचं आहे असं मनापासून वाटतं म्हणून.
४. ओढीचं: करतानाच मजा येते, कुतूहल वाटतं म्हणून.

तिसऱ्या-चौथ्याची बेरीज करा, तीतून पहिल्या-दुसऱ्याची बेरीज वजा करा. उत्तर उणे २० ते अधिक २० मध्ये येईल. विभागप्रमुखाच्या कार्डाला बाहेरचं ४, धाकाचं ८, पटलेलं ५, ओढीचं २ मिळाले समजा: ७ वजा १२, म्हणजे उणे ५.

खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणात येते. दोन्ही आतूनच येतात, दोन्हींची भाषा कर्तव्याची असते, आणि पोक्त, जबाबदार माणसंच इथे हमखास फसतात. फरक ओळखायला दोन खुणा आहेत. एखादा दिवस चुकला तर काय वाटतं? धाकाच्या ध्येयात चूक तुम्ही ठरता: "मी आळशी आहे, माझ्याकडून काही होत नाही." पटलेल्या ध्येयात चूक कामात दिसते: "आज राहिलं, उद्या भरून काढू." दुसरी खूण काम झाल्यानंतरची. धाकाचं काम पुरं झालं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणं दोन दिवसांत संपून पुढची भीती उभी राहते. पटलेलं काम झालं की ते पुन्हा बघावंसं वाटतं, त्यात सुधारणा सुचते.

गुण भराभर द्या, एका कार्डाला दोन मिनिटांहून जास्त नको. रेंगाळलात की समर्थनं तयार होतात. सात दिवसांनी, आधीचे गुण न बघता, पुन्हा द्या. दोन्ही वेळच्या उत्तरांत पाचाहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा द्या आणि मधलं उत्तर धरा.

अधिक ५ च्या वर असेल ते पुढे बहुधा टिकतं, उणे ५ आणि त्याखालचं संशयास्पद समजा, मधल्यांचं काही सांगता येत नाही. या रेषा आम्ही सोयीसाठी आखलेल्या आहेत. एका गुणाने वर-खाली झालं म्हणून काही ठरत नाही.

नेहमीची चूक: पैशासाठी केलेलं ते परकं, असं समजून बाहेरच्या कारणाला लाजून कमी गुण देणं. पैसा कमावणं हे ठरवून पत्करलेलं ध्येय असू शकतं. बाहेरचं ९ आणि पटलेलंही ९ असेल तर त्यात काही गैर नाही. काळजी तेव्हा करायची, जेव्हा बाहेरचं ९ आणि पटलेलं २ असतं.

## टप्पा ५: प्रेक्षक काढून बघा

प्रत्येक संशयास्पद कार्डावर तीन प्रश्न, लेखी:

१. हे पूर्ण झालं, पण कुणालाही कधीच कळणार नाही, सांगताही येणार नाही. तरी कराल?
२. हे आज सकाळीच मिळालं. अभिनंदनाचे फोन संपले. पुढच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असाल, आणि ते करायला आवडेल का?
३. ज्या एका माणसाची शाबासकी यात हवी आहे, ती त्याने आत्ताच, काहीही न करता देऊन टाकली. आता कार्डात किती जीव उरला?

पहिल्या प्रश्नावर पडलेलं प्रत्येक ध्येय खोटं नसतं. नटाला, शिक्षकाला, खेळाडूला समोर माणसं लागतातच. तो त्या कामाचाच भाग आहे. इथे समोरची माणसं कामाला लागतात की कौतुकाला, एवढं वेगळं करा. शिकवायला विद्यार्थी लागणं वेगळं आणि "काय शिकवतो!" असं म्हणणारं कुणीतरी लागणं वेगळं.

## टप्पा ६: चौदा दिवसांची नोंद

आतापर्यंत सगळं तुम्ही सांगितलेलं होतं. इथून पुढे वागण्याला बोलू द्या. वरच्या तीन-चार महत्त्वाच्या कार्डांसाठी चौदा दिवस, काम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, एका ओळीत पाच गोष्टी लिहा: आठवण करून द्यावी लागली का (हो/नाही), सुरू करायला किती वेळ टाळाटाळ केली, मध्यावर लक्ष कसं होतं (० ते ५), संपल्यावर अंगात काय उरलं (० ते ५), आणि कामातला नेमका कोणता भाग सर्वांत बरा गेला.

दहा मिनिटांची अट पाळा. रात्री एकदम लिहायला बसलात तर दिवसभराच्या कामातला एखादा तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच मनात राहिलेलं असतं आणि बाकीचं त्याखाली दबून जातं.

शेवटच्या रकान्याला माणसं क्षुल्लक समजतात आणि गाळतात; तो गाळू नका. आपल्या उदाहरणात समजा चौदापैकी सहा दिवस तिथे "नव्या मुलाला काम समजावून सांगताना" असं आलं आणि बैठका-अहवाल एकदाही आले नाहीत. हे कार्ड आता निराळं दिसू लागतं.

सावधान: सुरुवातीची टाळाटाळ म्हणजे परकेपणाचा पुरावा नव्हे. अगदी जिवाभावाचं कामही सुरू करताना जड जातं. मध्यावरचे आणि शेवटचे आकडे पाहा. सुरुवात जड, मध्य ४, शेवट ४: काम तुमचं, अडचण सवयीची. सुरुवात सोपी, मध्य १, शेवट ०: इथे थांबून विचार करा. ध्येय अवघड आहे आणि ध्येय परकं आहे, हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

## टप्पा ७: चार आठवड्यांचा गुपचूप प्रयोग

जी एक-दोन कार्डं अजूनही अडलेली आहेत, त्यांच्यावर प्रयोग करा. एका वेळी एकच. आठवड्याला तीन तास, चार आठवडे.

नियम मोजके आहेत आणि ते मोडले की प्रयोग वाया जातो. कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की कौतुक सुरू होतं आणि मग तुम्ही कौतुक मोजता. काही विकत घ्यायचं नाही. नवं साहित्य आणण्याचा आनंद आणि काम करण्याचा आनंद सुरुवातीला ओळखू येत नाहीत. आणि कंटाळवाणा भागच करायचा. कार्डाच्या मागच्या बाजूवरचा. विभागप्रमुख व्हायचं असेल तर चार आठवडे कामाचं वाटप आणि अहवाल यांची जबाबदारी मागून घ्या, भाषणं नकोत.

सुरू करण्याआधी तारीख घालून लिहा: "चार आठवड्यांनंतर अमुक दिसलं तर पुढे जाईन, तमुक दिसलं तर थांबेन." नंतर लिहिलेल्या अटी झालेल्या निकालाला जुळवून घेतल्या जातात.

ध्येय आधीपासून चालू असेल तर प्रयोग उलटा करा: शक्य असल्यास दोन आठवडे ते पूर्ण थांबवा. पहिल्या तीन-चार दिवसांत जे सुटल्यासारखं वाटेल त्याला किंमत देऊ नका, ती विश्रांती आहे. खरी माहिती दुसऱ्या आठवड्यात मिळते. हात आपोआप त्या कामाकडे वळतात की फक्त "लोक विचारतील" एवढंच डाचतं?

मूल होऊ देणं, देश बदलणं असल्या गोष्टींचा प्रयोग होत नाही. तिथे त्या वाटेवर पाच वर्षं काढलेल्या तीन माणसांना भेटा. "सुखी आहेस का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर शिष्टाचाराचं येतं. "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस?" असं विचारा आणि तो दिवस आपल्या अंगावर घालून बघा.

## टप्पा ८: चार ढीग

कार्डं टेबलावर मांडा. प्रत्येकाजवळ उगमाची ओळ, क्रियापद, गुण, प्रेक्षकांची उत्तरं, नोंदी आणि प्रयोग ठेवा. कागद आणि वागणं यांच्यात भांडण असेल तर वागण्याला जास्त वजन द्या. मग चार ढीग करा.

ठेवायचं. फार बोलण्यासारखं नाही. मंगळवारच्या ओळींपैकी एक या आठवड्याच्या दिनदर्शिकेत घाला.

अजून माहीत नाही. तीन महिन्यांनंतरची तारीख घालून पाकिटात. हा ढीग मोठा असला तरी हरकत नाही. जबरदस्तीने घेतलेला निर्णय पुन्हा कुणाचा तरी उसनाच असतो.

रूप बदलायचं. सगळ्यात जास्त कार्डं इथे येतात आणि सगळ्यात कमी लक्षही यांच्याकडेच जातं, कारण माणसं ठेवा किंवा सोडा एवढंच जाणतात. परक्या ध्येयाच्या पोटात पुष्कळदा आपला एक तुकडा असतो. तो नोंदीच्या शेवटच्या रकान्यात सापडतो. विभागप्रमुखाच्या कार्डातून पद, वय आणि तुलना काढा. "नव्या लोकांना काम शिकवणं" उरतं. आता त्यासाठी नवं कार्ड करा, मागची बाजू लिहा आणि त्याला टप्पा ४ मधून पुन्हा न्या. त्या कामासाठी पद लागतंच असं दिसलं तर पद ठेवा, पण आता ते साधन म्हणून.

थांबवायचं. आधी एक वेगळी यादी करा: या ध्येयापायी कुणाला दिलेले शब्द, फेडायची कर्जं, सांभाळायची माणसं. या जबाबदाऱ्या आहेत. ध्येय सुटलं म्हणून त्या सुटत नाहीत. त्यांची तजवीज लिहून काढा, मगच थांबण्याची तारीख ठरवा. "एवढी वर्षं गेली" हा मुद्दा मनात येणारच. गेलेली वर्षं दोन्ही वाटांवर सारखीच गेलेली आहेत, म्हणून ती तराजूत घालायची नाहीत. एका वेळी एकच मोठं ध्येय थांबवा. मोकळा झालेला वेळ रिकामा ठेवू नका, पहिल्या ढिगातल्या कार्डाला द्या. रिकाम्या जागेत जुनं ध्येय वेष बदलून परत येतं.

तपासा: थांबवायच्या ढिगातलं प्रत्येक कार्ड उचला आणि विचारा: हे मला नको आहे, की जमणार नाही अशी भीती आहे? "उद्या हमखास जमणार असेल तर करेन" असं मनात आलं तर कार्ड "अजून माहीत नाही" मध्ये ठेवा.

## टप्पा ९: ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा

ज्यांच्या रोजच्या आयुष्यावर परिणाम होणार आहे त्यांनाच आधी सांगा, समोर बसून, आणि निर्णय पक्का झाल्यावर. कारणांची लांबलचक यादी देऊ नका. प्रत्येक कारणाला उत्तर मिळतं आणि बोलणं वादात जातं. तीन वाक्यं पुरतात: काय थांबवतोय, कोणती जबाबदारी तशीच चालू राहणार, पुढचे सहा महिने काय करणार. "तुमच्यामुळे मी यात अडकलो" हे वाक्य टाळा. ते खरं असलं तरी त्याने संभाषण जुन्या हिशेबात शिरतं आणि तुमचा निर्णय बाजूला पडतो.

समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू द्या. ते लगेच दूर करायला धावलात तर त्या धावपळीत दिलेलं आश्वासन पुढच्या वेळी नवं कार्ड होऊन समोर येईल.

## पुन्हा कधी तपासायचं

दर सहा महिन्यांनी टप्पा ४ एवढाच, अर्ध्या तासात. पूर्ण तपासणी फक्त अशा वेळी: काम किंवा राहण्याचं ठिकाण बदललं, सोबतची माणसं बदलली, एखादं मोठं ध्येय गाठलं आणि दोन आठवड्यांत सगळं फिकं वाटू लागलं, किंवा ज्याच्या मताला फार वजन होतं तो माणूस आयुष्यातून दूर गेला. कार्डांवर तारखा घाला आणि जुनी कार्डं फेकू नका. पण नवे गुण देऊन होईपर्यंत ती उघडू नका.